मिक्सर, चिमणीचा चिकट थर: घासण्याआधी ओळखा!

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरोघरी किचनमधली उपकरणं साफ करून द्यायचं काम सुरू करायचंय? मग एक लक्षात ठेवा. गिऱ्हाईक घासण्याचे पैसे देत नाही, वस्तू खराब न करता साफ करण्याचे देतं.

आधी प्लग काढा. मग चिकट काय आहे ते बघा.

१. साखर, सरबत, पाक: साखर पाण्यात विरघळते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं १० मिनिटं ठेवा, मग पुसा. मिक्सरचा मोटरवाला भाग नळाखाली धरायचा नाही.

२. तेलाचा थर: फोडणीचं तेल उडून चिमणीवर बसतं आणि उष्णतेने घट्ट होतं. स्टीलचा फिल्टर गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात भिजवा. सोडा तेलाचा काही भाग साबणात बदलतो. पण ॲल्युमिनियमच्या जाळीला सोडा नको, ती काळी पडते. तिथे भांड्यांचं लिक्विडच वापरा. हातात ग्लोव्हज हवेतच.

३. स्टिकरचा गोंद: हा पाण्याने सहसा निघत नाही. खोबरेल तेल लावून थांबा, मग साबणाने पुसा. प्लास्टिकवर थिनर नको, पृष्ठभाग विरघळून पांढरा पडू शकतो.

आता धंद्याचं. कामाआधी फोटो काढा, जुने ओरखडे गिऱ्हाइकाला दाखवा. एक जाळी काळी पडली की तिची भरपाई तुमच्या खिशातून जाते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी जाते ती वेगळीच.

रेट कसा ठरवायचा? आधी घरची चिमणी साफ करा, वेळ आणि सामान मोजा, त्यात जाण्यायेण्याचा खर्च आणि तुमची मजुरी धरा. किती आला, कमेंटमध्ये सांगा!