माएस्त्रांचा दिवस

सकाळी ७ : मिलानमध्ये अशा शिक्षिका बऱ्याच आहेत, म्हणून नाव नको, विद्यार्थी 'माएस्त्रा' म्हणतात. एकेकाळी ऑपेरात सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, आता घरीच शिकवणी. उठल्या उठल्या गाणं नाही. आधी पाणी, मग तोंड मिटून हलके हुंकार.

सकाळी ९ : पहिला विद्यार्थी टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा, कोरियाचा. सुरुवातीला नुसता श्वास. हात बरगड्यांवर. श्वास सोडताना त्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. हा 'अप्पोज्जो', म्हणजे आवाजाचा आधार. तो जमेपर्यंत आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकल गाणं, नाही.

सकाळी ११ : बाविशीतली सोप्रानो पुच्चिनीच्या 'तोस्का'ची पानं घेऊन येते. माएस्त्रा ती बाजूला ठेवतात आणि मोझार्टच्या ऑपेरातली सुझाना काढतात. ऑपेरात माइक नसतो. ला स्कालात दोन हजारांच्या आसपास श्रोते आणि पुढ्यात अख्खा वाद्यवृंद. तो भेदायचा ३००० हर्ट्झच्या आसपासच्या घुमाऱ्याने, कारण तिथे वाद्यांचा जोर ओसरलेला असतो. हा घुमारा यायला वर्षं लागतात. त्याआधी पुच्चिनीसाठी गळा ताणला, तर आवाज डळमळू लागतो.

दुपारी १ : जेवण आणि मौन. बोलण्यानेही गळा शिणतो.

दुपारी ३ : निकोला वाक्काई यांचं गायनाच्या धड्यांचं पुस्तक. १८३२ सालचं, लंडनमध्ये निघालेलं, अजून रोज उघडलं जातं. सुरुवातीच्या धड्यांत स्वरांतरं, आणि सरगमऐवजी मेतास्तासिओची कविता. चिनी विद्यार्थिनी 'ए' आणि 'ओ'पाशी अडते. इटालियनमध्ये दोन्हींचे उघडे आणि मिटलेले असे दोन दोन उच्चार आहेत.

संध्याकाळी ५ : पियानोवर संगतकार. आपल्याकडे गायक गळ्याला मानवेल तो षड्ज धरतो. इथे स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला, वाद्यवृंदही त्यालाच बांधलेला. त्यामुळे वर जाताना आवाज जिथे अडखळतो, ते 'पास्साज्जो'चं वळण चुकवता येत नाही. आजचा तास त्या तीन-चार सुरांतच संपतो.

संध्याकाळी ७ : कासा व्हेर्दीत जुन्या सहगायिकेची भेट. वृद्ध संगीतकारांसाठी ऑपेरा रचनाकार व्हेर्दींनी बांधलेलं हे घर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या मृत्यूनंतर, १९०२ साली उघडलं. व्हेर्दींची समाधीही तिथेच. आता तरुण विद्यार्थीही राहतात आणि म्हाताऱ्यांकडून चार गोष्टी शिकतात.

रात्री ९ : विद्यार्थ्यांनी पाठवलेली ध्वनिमुद्रणं. प्रत्येकासाठी वहीत दोन ओळी.

दिवसभरात माएस्त्रा स्वतः गायल्या जेमतेम काही ओळी. बाकी सगळं ऐकणं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो सभागृहात कसा पोचतो हे त्याला कळत नाही. ते सांगायला बाहेरचा कान लागतो. तेव्हा गुरू शोधताना त्यांची मैफल ऐकाच. पण एकदा त्यांच्या वर्गात बसून ते शिष्याचं किती ऐकतात, तेही पाहा.