कवटीबाहेरची चरबी, मेंदूतले शिखर

मेंदूत गाठ दिसली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो : कॅन्सर आहे का? आपल्या देशात आणखी एक शक्यता असते, क्षयाची गाठ. तिच्यावर बहुधा गोळ्यांनी उपचार होतात. गाठ न कापता फरक ओळखायला चुंबकीय वर्णपटाची मदत होते. क्षयाच्या जंतूंचे आवरण चरबीयुक्त असते. म्हणून क्षयगाठीत बहुतेकदा कोलीन फारसे न वाढता चरबीचे शिखर उंच दिसते. पण ते शिखर खोटेही असू शकते. कसे, हे उमगायला मला बराच काळ लागला.

मूळ १९५१ सालच्या एका प्रयोगात आहे. स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले. शेजारी कोण, यावर अणूची वारंवारता किंचित बदलते. हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या विषयाचे काम उभे केले.

हा फरक चुंबकाच्या ताकदीबरोबर वाढतो. पाणी आणि चरबी यांच्यात ३ टेस्लाला सुमारे ४३५ हर्ट्झचे अंतर असते, ७ टेस्लाला हजाराच्या आसपास. शिखरे सुटी दिसतात, हा फायदा. पण यंत्र जागाही वारंवारतेवरूनच ओळखते! समजा, २० मिलिमीटरचा ठोकळा २००० हर्ट्झ रुंदीच्या रेडिओ-स्पंदाने निवडला. मग चरबीचा ठोकळा पाण्याच्या ठोकळ्यापासून ३ टेस्लाला सुमारे ४ मिलिमीटर सरकतो, ७ टेस्लाला १०. गाठ कवटीलगत असेल, तर तो डोक्याच्या त्वचेखालच्या चरबीत शिरू शकतो.

दुसरी वाट गळतीची. नकाशाची घरे मोठी असली की एका घरातला संकेत शेजारच्या घरांत सांडतो. आमच्या बोळिंजमध्ये शेजारच्या मांडवात बँजो सुरू झाला की घरातली कुजबुज ऐकू येत नाही, तसेच.

उपाय आहेत : रुंद पट्ट्याचे स्पंद वापरणे, कवटीभोवतीची चरबी आधीच दाबणे, घरे लहान करणे, नंतर गणिताने गळती गाळणे. प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. घर लहान केले की संकेतही क्षीण होतो.

म्हणून एक साधी तपासणी मला मोलाची वाटते. निरोगी बाजूच्या कडेच्या घरांतही तेच शिखर दिसते का? दिसले, तर गाठीवरच्या शिखराविषयीही शंका घ्यावी. त्या एका रेषेवर कुणाची तरी शस्त्रक्रिया ठरत असते.