उंच मोटारीची पायरी : घरी बसवण्याआधी आणि बसवताना

चतुर्थीसाठी गावच्या घरी निघालेल्या कुटुंबाची मोटार अंगणात उभी असते. मुले एका उडीत आत शिरतात, मोठी माणसे दाराची कडा धरून चढतात आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी मात्र दारापाशी थबकतात. मोटारीचा तळ त्यांच्या गुडघ्याइतका उंच असतो. कोणी हाताला धरते, कोणी मागून आधार देते, तेव्हा कुठे त्या आत बसतात. उतरताना तर याहून अवघड, कारण पाय कुठे टेकणार हे दिसत नाही. एसयूव्ही प्रकारच्या उंच मोटारींचे प्रमाण वाढल्यापासून हे दृश्य घरोघरी परिचयाचे झाले आहे. त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे दाराखाली बसवली जाणारी लांब पायरी. बाजारात तिला साइड स्टेप, फूटस्टेप किंवा फूटबोर्ड म्हणतात.

बहुतेक वाहन उत्पादक आपल्या उंच मोटारींसाठी ही पायरी अधिकृत अ‍ॅक्सेसरी म्हणून स्वतंत्रपणे विकतात. तिच्यासोबत ब्रॅकेट, बोल्ट, वायसर आणि जोडणीची सूचनापत्रिका येते. हाताला पान्याची सवय असलेल्या दोन माणसांना हे काम दोन-तीन तासांत घरच्या अंगणात करता येते. मात्र या पायरीवर घरातील सर्वांत अशक्त माणूस आपला पूर्ण भार टाकणार असतो. त्यामुळे हे काम शोभेच्या वस्तूसारखे उरकून चालत नाही.

पायरीचा प्रवास

मोटारीची पायरी ही मोटारीहून जुनी आहे. घोडागाडीत चढण्यासाठी असलेली पायरी पहिल्या मोटारींनी जशीच्या तशी उचलली. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांवरील मडगार्डांना जोडणारी लांब फळी होती. पुढे मोटारींचा सांगाडा रुंद व बुटका होत गेला, मडगार्ड त्यातच सामावले आणि ही फळी निरुपयोगी ठरली. फोक्सवॅगनच्या ‘बीटल’सारख्या मोजक्या मोटारींनी तिची खूण जपली. उंच मोटारींच्या लोकप्रियतेबरोबर ती पुन्हा अवतरली. आपल्या मोटार वाहन कायदा, १९८८ मध्येही तिचा उल्लेख आहे. कलम १२३ नुसार चालत्या वाहनाच्या पायफळीवर उभे राहून प्रवास करण्यास मनाई आहे. मिरवणुकीच्या उत्साहात मोटारीला लोंबकळणाऱ्यांनी हे विसरू नये.

खरेदीपूर्वीची मोजमापे

पायरी कोणासाठी हवी आहे, हा पहिला प्रश्न. ज्या व्यक्तीसाठी ती बसवायची, तिलाच आधी पडताळणी करू द्यावी. नियोजित पायरी जमिनीपासून किती उंचीवर येणार हे विक्रेत्याकडून समजून घ्यावे आणि दाराशी तितक्याच उंचीचा भक्कम पाट किंवा चिरा ठेवून त्यांना चढ-उतर करून पाहण्यास सांगावे. काही पायऱ्या तळाच्या इतक्या जवळ असतात की गुडघ्यांचा त्रास तसाच राहतो. काही इतक्या अरुंद असतात की त्यांवर अर्धेच पाऊल मावते. चढताना हे चालून जाते, उतरताना मात्र टाच अधांतरी राहते.

दुसरे मोजमाप रस्त्याचे. पायरी मोटारीच्या तळापासून खाली जितकी उतरते, तितका खडबडीत रस्त्यावरचा मोकळेपणा कमी होतो. फेरीबोटीच्या उतारावर, गावातील उंच गतिरोधकावर किंवा पाणंदीतील दगडांवर ती घासू शकते. चिऱ्यांच्या भिंतींमधून जाणाऱ्या अरुंद वाटांवर बाहेर आलेली कडाही लक्षात घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे नेमका सुटा भाग. एकाच नावाच्या मोटारीच्या दोन पिढ्यांचे तळ वेगवेगळे असू शकतात. म्हणून मागणी नोंदवताना मोटारीचा सतरा अक्षरांचा चासी क्रमांक द्यावा आणि त्यावरून भागाचा क्रमांक पडताळून घ्यावा.

भार कुठे पडतो?

पायरी कशी धरून राहते हे समजले की जोडणीतील प्रत्येक सूचनेमागचे कारण उलगडते. स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनरसारख्या मोटारींचा वरचा सांगाडा शिडीच्या आकाराच्या जाड पोलादी चासीवर बसवलेला असतो. क्रेटासारख्या मोटारींत स्वतंत्र चासी नसते. तळ, खांब व छप्पर मिळून एकच कवच तयार होते. दोन्ही प्रकारांत पायरीचे ब्रॅकेट उत्पादकाने राखून ठेवलेल्या मजबूत जागीच बसायला हवेत.

पंचाहत्तर किलो वजनाचा माणूस पायरीच्या बाहेरच्या भागावर, म्हणजे ब्रॅकेटच्या जोडापासून सुमारे २० सेंटिमीटर अंतरावर उभा आहे असे समजा. जोडाचा वरचा बोल्ट आणि ब्रॅकेटची खालची टेकणारी कडा यांत ६ सेंटिमीटर अंतर असेल, तर तरफेच्या नियमाने त्या बोल्टवरचा ताण ७५ गुणिले २० भागिले ६, म्हणजे सुमारे २५० किलो भरतो. माणूस धपकन उतरला तर तो आणखी वाढतो. भार सर्व ब्रॅकेटांत सारखा वाटला जात नाही. पाय ज्याच्या जवळ पडतो, त्यावरच बहुतांश भार येतो.

हा आकडा मोठा वाटला, तरी डोक्यावर ‘८.८’ असा अंक कोरलेला ८ मिलिमीटरचा चांगला बोल्ट दोन टनांहून अधिक ताण कायमचा न वाकता सोसतो. म्हणजे बोल्ट सहसा कमी पडत नाही. घात होतो तो तिरके बसलेले आटे, गंजलेला पत्रा किंवा सैल राहिलेला जोड यांमुळे. सैल बोल्ट दर खड्ड्यागणिक थोडा थोडा वाकतो आणि एके दिवशी पूर्वसूचना न देता तुटतो. किटमधील बोल्टाऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही बोल्ट वापरू नये, याचे कारण हेच.

जोडणीचा क्रम

आदल्या दिवशी मोटारीचा तळ धुऊन वाळू द्यावा. काम सपाट, टणक जागेवर करावे. हँडब्रेक ओढावा, मोटार गिअरमध्ये ठेवावी (ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’मध्ये) आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. सायलेन्सरची नळी थंड होऊ द्यावी. बहुतेक उंच मोटारींत जॅक न लावताही हात पोहोचतो. मोटार उचलावीच लागली, तर भक्कम स्टँडवर टेकवल्याखेरीज तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. मोटारीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर मोटारीखाली झोपणे जिवावर बेतू शकते.

किट उघडून सर्व भाग चादरीवर मांडावेत, मोजावेत आणि डावे-उजवे वेगळे करावेत. पुढचा, मधला व मागचा ब्रॅकेट दिसायला सारखे असले, तरी त्यांचे कोन निरनिराळे असतात. त्यावरील खुणा सूचनापत्रिकेशी ताडून पाहाव्यात.

त्यानंतर तळातील मूळ छिद्रे शोधावीत. त्यांवर रबरी बुचे असू शकतात. ती काढून आट्यांतील माती ब्रशने स्वच्छ करावी. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी फिरवावा आणि तीन-चार फेरे सहज गेल्यावरच पाना लावावा. सुरुवातीलाच जोर लागत असेल तर आटे तिरके जात आहेत असे समजून बोल्ट मागे फिरवावा. चासीतले आटे एकदा खराब झाले की अर्ध्या तासाचे काम गॅरेजच्या दिवसभराच्या कामात बदलते.

सर्व ब्रॅकेट प्रथम सैलच लावावेत. मग दोघांनी पायरी उचलून त्यांवर ठेवावी आणि तिचे बोल्टही सैल अडकवावेत. पायरी व दाराखालची कडा यांतील फट पुढे-मागे सारखी आहे ना हे मोजावे. सर्व दारे उघडून कुठे घासत नाही हे पाहावे. याची खात्री पटल्यावर आधी ब्रॅकेट आणि नंतर पायरी घट्ट करावी. एक बोल्ट आधीच पूर्ण आवळला तर उरलेली छिद्रे जुळत नाहीत आणि बळाने जुळवलेला जोड कायम ताणाखाली राहतो.

किती आवळावे, हे सूचनापत्रिकेत न्यूटन-मीटर या एककात दिलेले असते. तितकाच जोर लागावा यासाठी टॉर्क पाना वापरतात. ठरलेल्या मर्यादेला तो ‘टक्’ असा आवाज करतो. घरी तो नसेल तर बोल्ट साध्या पान्याने बेताने आवळून मोटार सावकाश जवळच्या गॅरेजमध्ये न्यावी आणि शेवटची आवळणी तिथे करून घ्यावी. तोवर पायरीवर कोणालाही पाय ठेवू देऊ नये.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. घरातील धडधाकट माणसाने आधाराला धरून प्रत्येक ब्रॅकेटजवळ व दोन ब्रॅकेटांच्या मध्ये सावकाश उभे राहून पाहावे. कुरकुर वा हालचाल जाणवली तर जोड पुन्हा तपासावा. काही शे किलोमीटर धावल्यावर रेघांची पाहणी करावी. चाक बदलण्याचा जॅक पायरीच्या आड न अडकता आपल्या जागी बसतो ना, हेही त्याच दिवशी पाहून ठेवावे. पायरी हा मोटार उचलण्याचा आधार नव्हे.

कुठे थांबावे?

मोटारीला मूळ छिद्रे नसतील आणि तळाला भोक पाडावे लागणार असेल, तर हे काम घरी करू नये. तळाखालून ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या गेलेल्या असतात. विजेवरील मोटारीत बॅटरी बहुधा तळातच असते आणि उच्च दाबाच्या केशरी तारांना हात लावणे प्राणघातक ठरू शकते. दार उघडताच बाहेर येणारी विद्युत पायरीही अधिकृत कार्यशाळेतच बसवावी. जुन्या मोटारीत ब्रॅकेटच्या जागी गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर पायरीचा विचार सोडून आधी गंजाकडे पाहावे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करण्यास कलम ५२ अन्वये मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली आहे. कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेली पायरीच निवडावी, बिल व सूचनापत्रिका जपून ठेवावी आणि शंका असल्यास वाहतूक खात्याकडे आधी विचारणा करावी. घरी केलेल्या जोडणीचा वॉरंटीवर काय परिणाम होतो हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. विमा कंपनीलाही या भराची माहिती द्यावी. नोंद न केलेल्या अ‍ॅक्सेसरीची भरपाई मिळेलच असे नाही.

पावसाळ्यातील निगा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असते. पायरीच्या पोकळीत लाल माती साचून ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात दर धुण्याच्या वेळी ही पोकळी पाण्याच्या फवाऱ्याने मोकळी करावी, पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजू देऊ नयेत. पायरी अ‍ॅल्युमिनियमची आणि ब्रॅकेट पोलादी असेल, तर खारट ओलाव्यात या दोन धातूंच्या स्पर्शाने झीज वेगाने होते. त्यांच्यामध्ये दिलेली रबरी वा प्लॅस्टिकची चकती निरर्थक समजून टाकून देऊ नये.

वरची खरखरीत पट्टी झिजली की ओली पायरी निसरडी होते. अशा वेळी पायरी नसलेली बरी, कारण पायरी नसताना माणूस सावध असतो. वृद्धांनी उतरताना मोटारीकडे तोंड करून, आतली मूठ धरून, शिडी उतरल्याप्रमाणे एकेक पाय खाली टेकावा. ही सवय त्यांना पहिल्याच दिवशी, मोटार अंगणात उभी असताना, दोन-चार वेळा करून घ्यावी.

सर्व बोल्ट जागच्या जागी आवळलेले आहेत याची खात्री झाली की मगच आजींना दाराशी बोलवावे. पहिल्या वेळी कोणीतरी शेजारी उभे राहावेच.