पाच चमच्यांत चौतीस गुंठे

खसखशीच्या दाण्याएवढं रक्त घ्या. एक घन मिलिमीटर, बस्स! त्यात तांबड्या पेशी किती? सुमारे ५० लाख. २०११ च्या जनगणनेत अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत अख्खा सोलापूर जिल्हा मोजला, तेव्हा माणसं भरली ४३ लाख. म्हणजे जिल्हा त्या दाण्यात मावून वर जागा उरली!

आता सगळं अंग मोजू. मोठ्या माणसाच्या शरीरात या पेशी साधारण २५ लाख कोटी. एकीला एक चिकटवून रांग लावली, तर मुंबई-पुणे रस्त्याच्या साडेबाराशे खेपा होतील. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा. किती पातळ? वहीच्या एका कागदाच्या जाडीत असे चौदा हजार पडदे बसतील. ते सगळे उलगडून जमिनीवर अंथरले, तर ३,५०० चौरस मीटर. चौतीस गुंठे! एकराला जेमतेम पाच-सहा गुंठे कमी. आणि हेच चौतीस गुंठे गोळा करून वाटीत भरले, तर चहाचे पाच चमचे.

या पडद्यावर पेशीचा जीव अवलंबून आहे. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, हा फरक मोडला की पाणी आत घुसतं आणि पेशी फुगते. तांबडी पेशी नुसत्या पाण्यात टाकली तर फुटतेच. पडदा तेलकट, त्यामुळे मीठ त्यातून जात नाही. ये-जा होते ती प्रथिनांच्या दारांतून.

पाण्याचं दार शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दार इतकं अरुंद, की पाण्याचे रेणू एकामागून एकच जातात. तरी सेकंदाला ३०० कोटी! सारा भारत एका सेकंदात दोनदा आत, एका दारातून. आणि तरीही चमचाभर पाणी त्या एकाच दारातून सोडायला १७ लाख वर्षं लागतील. इतके रेणू एका चमच्यात!

पण दार एक थोडंच आहे? एका तांबड्या पेशीवर ती दीड-दोन लाख. दोन लाख धरू आणि गुणाकार करू. शरीरातल्या सगळ्या तांबड्या पेशींची सगळी दारं एकाच दिशेने, पूर्ण वेगाने वाहिली, तर सेकंदाला साडेचारशे लिटर पाणी! सांगोल्याच्या वाडीवर उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर बावीस-तेवीस सेकंदांत रिकामा. पाच चमच्यांतून!

पोटॅशियमचं दार तर आणखी थक्क करतं. त्याची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन त्याच नोबेलचे वाटेकरी. या दारातून सेकंदाला कोटीच्या घरात कण जातात. सोडियमचा कण आकाराने लहान, पण त्याला मज्जाव. दहा हजारांत एखादाच निसटतो. पंढरपूरला आषाढीची दहा लाखांची दर्शनबारी एका सेकंदात दहा वेळा संपवायची, तीही प्रत्येकाला ओळखून!

आतड्यातल्या पेशींवर मात्र सोडियमलाही वाट आहे, साखर सोबत असली तर. दोघं मिळून आत जातात आणि मागोमाग पाणी जातं. जलसंजीवनी चालते ती यावरच. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजली. शेकडा तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. मीठ, साखर आणि पाणी यांच्या जोरावर!

म्हणून घरात कुणाला जुलाब लागले, तर जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटर. घट्ट करू नका, चवीसाठी वरून साखर घालू नका. जास्तीची साखर पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.