हळदीचा डाग लाल का झाला?

रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी ओला शर्ट हातात घेऊनच दारात उभ्या. "अहो ताई, हे बघा! लेकीच्या युनिफॉर्मवर आमटी सांडली होती. डाग चांगला पिवळा होता, साबण लावला तर लाल झाला. साबणात काही भेसळ असेल का हो?"

मागोमाग नववीतली लेक हसत आली. "आई, साबण चांगलाच आहे गं, थांब जरा." तिने डागावर लिंबू पिळलं. डाग पुन्हा पिवळा!

मैत्रिणींनो, शाळेत आपण 'आम्ल' आणि 'आम्लारी' हे शब्द पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. पण ती दोघं रोज आपल्याच घरात असतात. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर ही आम्लं. साबण, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी हे आम्लारी. हळद आम्लात पिवळीच राहते, आम्लारीत लाल होते. म्हणून तिला 'दर्शक' म्हणायचं.

किती आंबट, किती खारं हे मोजायला 'सामू' म्हणजे पीएच हे माप आहे. १९०९ साली सोरेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने ते सुचवलं. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. लिंबाचा रस साधारण २, साबणाचं पाणी ९-१०, तर कॉस्टिक सोडा १३-१४. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट!

आपली भिवंडी यंत्रमागांची. मागावरून उतरलेलं 'ग्रे' कापड प्रोसेसिंगला गेलं की सुती कापडातला नैसर्गिक मेणकटपणा काढायला ते कॉस्टिकमध्ये उकळतात. मग भरपूर पाण्याने धुऊन उरलेलं कॉस्टिक सौम्य आम्लाने मारतात. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, यालाच उदासिनीकरण म्हणतात. कापडावर दर्शकाचा थेंब टाकून तो गुलाबी झाला, तर कॉस्टिक अजून शिल्लक आहे असं समजायचं. वहिनींच्या शर्टावर घडलं ते याच जातीचं!

सुती कापड सोडा सोसतं, पण संडास धुवायच्या ॲसिडचा शिंतोडा उडाला की तिथे भोक पडतं. रेशमाचं उलटं, त्याला सोडा सोसत नाही. म्हणून पैठणी कधी धुण्याच्या सोड्यात बुडवू नका.

पण साडीपेक्षा जीव मोलाचा. पुष्कळ घरांत संडास जास्त स्वच्छ व्हावा म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकदमच ओततात. असं कधीही करू नका! दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. लहानशा बंद संडासात तो थेट छातीत जातो. चुकून मिसळलंच, तर साफसफाई तशीच सोडून आधी मोकळ्या हवेत या. खोकला, धाप थांबली नाही तर लगेच डॉक्टरकडे जा.

अंगावर ॲसिड किंवा कॉस्टिक उडालं तर एकावर उतारा म्हणून दुसरं लावू नका. उदासिनीकरणात उष्णता निघते आणि जखम वाढते. नळाखाली निदान वीस मिनिटं वाहतं पाणी घ्या, कपडे काढून टाका आणि दवाखाना गाठा. ॲसिड कधीही थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाने चुकून प्यायलंच, तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन तडक हॉस्पिटलमध्ये न्या.

वहिनींचा शर्ट? साबण नीट खळबळून काढला आणि कडक उन्हात वाळवला. हळदीचा रंग उन्हात विटतो, संध्याकाळपर्यंत डाग अगदी फिका झाला. संडासातली ब्लीचिंग पावडर मात्र वहिनींनी त्याच दिवशी ॲसिडच्या बाटलीपासून लांब, वरच्या फळीवर नेऊन ठेवली. "लेकीच्या धड्यातलं एवढं तरी माझ्या डोक्यात राहिलं बाई!" म्हणाल्या.