घरातील मुले आणि दारावरची निवडणूक

मद्रासमध्ये, म्हणजे १९९६ पासून चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात, निवडणूक कित्येक दशके प्रथम आली ती भिंतीवर. भिंतीला चुना फासावयाचा, कोपऱ्यात पक्षाचे नाव लिहून ती राखून ठेवावयाची, आणि उमेदवार ठरताच ठळक रंगांत तिच्यावर चिन्ह चितारावयाचे, अशी ती रीत होती. त्या भिंतीजवळून शाळेत जाणाऱ्या मुलाला अक्षरांपूर्वी उगवता सूर्य ओळखू येई, आणि बेरीज-वजाबाकीपूर्वी दोन पाने. चिन्हांची ही योजना मुळात मुलांसाठी नव्हती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदारांपैकी चार-पंचमांशांहून अधिक निरक्षर होते आणि त्यांच्या सोयीसाठी प्रत्येक उमेदवाराच्या मतपेटीवर एक चित्र लावण्यात आले. तथापि तिचा अनायास लाभ झाला तो ज्यांना मताचा अधिकारच नव्हता अशा मुलांना. राजकारण हा मोठ्यांचा विषय आहे, मुलांपुढे त्याची चर्चा नको, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांची अडचण येथेच सुरू होते. चर्चा होवो अथवा न होवो, मुलाने ते आधीच पाहिलेले असते.

पाहिलेल्या गोष्टीविषयी मूल प्रश्न विचारते, आणि तो प्रश्न बहुधा दिसतो त्याहून खोल असतो. १९८९ च्या जानेवारीत तमिळनाडूत विधानसभेची निवडणूक झाली. एम. जी. रामचंद्रन यांचे १९८७ च्या डिसेंबरात निधन झाले होते आणि त्यांच्या अण्णाद्रमुक पक्षाची दोन शकले झाली होती. खरा पक्ष कोणता याचा निर्णय होईना, तेव्हा निवडणूक आयोगाने 'दोन पाने' हे चिन्ह गोठविले. जयललिता यांच्या गटाला कोंबडा मिळाला, जानकी रामचंद्रन यांच्या गटाला कबुतरांची जोडी. निवडणूक द्रमुकने जिंकली, दोन्ही गट पुन्हा एक झाले आणि पाने परत आली. त्या महिन्यात 'पाने कुठे गेली?' असे एखाद्या सहा वर्षांच्या मुलाने विचारले असेल, तर त्याने नकळत फार मोठा प्रश्न विचारला होता: पक्ष कोणाचा असतो? नेत्याचा, त्याच्या पत्नीचा, त्याच्याबरोबर पडद्यावर दिसलेल्या अभिनेत्रीचा, की सभासदांचा? आणि भांडण लागले तर न्याय कोणी करावयाचा? 'दोघींचे भांडण झाले म्हणून साहेबांनी चित्र काढून घेतले' हे उत्तर बालबोध असले तरी खोटे नाही. त्यात तिऱ्हाईत पंचाची कल्पना येते, आणि निवडणूक समजण्यास तीच पहिली पायरी होय.

मुलांच्या राजकीय समजुतीचा पद्धतशीर अभ्यास प्रथम अमेरिकेत झाला. फ्रेड ग्रीनस्टाइन यांनी १९५८ मध्ये न्यू हेवन शहरातील चौथी ते आठवीच्या मुलांना प्रश्न विचारले व १९६५ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. राष्ट्राध्यक्ष हा भला, मदतीला धावून येणारा माणूस आहे, असे लहान मुलांना वाटत होते. कोणता पक्ष 'आपला' हे अर्ध्याहून अधिक मुले सांगू शकत होती, परंतु दोन पक्षांत फरक काय ते त्यांना सांगता येत नव्हते. निष्ठा आधी येते, कारण मागाहून. जेनिंग्ज व नीमी या अभ्यासकांना पुढे असे आढळले की आईवडिलांकडून मुलांकडे सर्वांत ठळकपणे जाते ती पक्षनिष्ठाच. एखाद्या विशिष्ट प्रश्नावरील मते त्या मानाने फार कमी जातात. चेन्नईच्या घरांत याचा पडताळा पाहण्यास ग्रंथाची गरज नाही. भिंतीवर कोणाचे छायाचित्र आहे यावरून त्या घरातील आठ वर्षांच्या मुलाचा पक्ष सांगता येई. मात्र ते छायाचित्र का लावले हे मुलाला कोणी सांगितलेले असेलच असे नाही. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्याच्या नातवंडाला ती हकीकत सांगावी, की केवळ घोषणा शिकवावी, यात फार मोठे अंतर आहे. घोषणा एका दिवसात पाठ होते. हकीकतीला मात्र दुसरी बाजूही असते, आणि मूल ती विचारते. १९६७ मध्ये विरुदुनगरला माजी मुख्यमंत्री कामराज यांचा एका विद्यार्थी नेत्याने सुमारे तेराशे मतांनी पराभव केला, हे ऐकल्यावर कामराज वाईट होते का, असा प्रश्न आलाच पाहिजे. त्याचे उत्तर 'नाही' असे द्यावे लागते, आणि चांगला माणूसही निवडणूक हरतो ही गोष्ट समजावून सांगावी लागते.

जेवणाच्या थाळीवरून हे सांगणे सोपे जाते. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव केला. दर मुलामागे दररोज एक आण्याहून अधिक खर्च होऊ नये, अशी त्यात अट होती. कामराज मुख्यमंत्री असताना १९५० नंतरच्या दशकात ही कल्पना राज्यभर पसरली, १९८२ मध्ये रामचंद्रन यांनी तिला मोठे रूप दिले, आणि २०२२ मध्ये स्टालिन यांच्या सरकारने प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली. म्हणजे परस्परांशी कडवेपणाने भांडणाऱ्या पक्षांनी एकाच थाळीत भर घातली. राजकारण म्हणजे केवळ भोंगे नव्हेत, या सांबारात किती डाळ पडावी हेही राजकारणच ठरवते, हे मुलाला पोटातून कळते.

याहून जुने आणि मुलांना फार आवडेल असे एक उदाहरण चेन्नईपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, कांचीपुरम् जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथे दगडावर कोरलेले आहे. चोल राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दीत, इ. स. ९१९ व ९२१ च्या सुमारास, तेथील ग्रामसभेने आपल्या समित्या कशा निवडाव्यात याचे नियम मंदिराच्या भिंतीवर खोदविले. गावाचे तीस विभाग होते. प्रत्येक विभागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहीत, त्यांची जुडी बांधून घड्यात टाकीत. 'कुडम्' म्हणजे घडा आणि 'ओलै' म्हणजे ताडपत्र, म्हणून ही पद्धत 'कुडवोलै'. लहानथोर सर्व सभेत जमले म्हणजे एक वृद्ध पुरोहित घडा सर्वांना दिसेल असा उंच धरी. मग आत काय आहे याची ज्याला कल्पना नाही अशा एका लहान मुलाकडून एक जुडी काढवीत. ती सोडून, दुसऱ्या घड्यात घालून, हलवून, त्याच मुलाकडून एक पत्र काढवीत. मध्यस्थ ते पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घेई, म्हणजे हातचलाखीला वाव नाही, आणि मोठ्याने वाची. तेच पत्र नंतर तेथे असलेले सर्व पुरोहित वाचीत. निवडलेल्या तिसांतून बारा जण वार्षिक समितीवर, बारा उद्यान समितीवर आणि सहा तलाव समितीवर जात.

या नियमांतील मूल हे केवळ शोभेसाठी नाही. त्याचे अज्ञान हीच तेथे निःपक्षपातीपणाची हमी होती. शाळकरी मुलांपुढे ही हकीकत ठेवली असता ती चटकन दोन शंका काढतात. एक अशी की ही सोडत झाली, निवड कसली? दुसरी, कोणाकोणाची नावे घड्यात होती? दोन्ही शंका रास्त आहेत. ज्याच्या मालकीची करभार असलेली जमीन व स्वतःच्या जागेत बांधलेले घर आहे, ज्याचे वय पस्तीस ते सत्तर यांच्या दरम्यान आहे आणि ज्याला वेदविद्या अवगत आहे, अशाचेच नाव घड्यात पडे. स्त्रिया नव्हत्या, भूमिहीन नव्हते. पूर्वी समितीवर असून हिशेब न देणारा माणूस आणि त्याचे जवळचे नातेवाईकही वगळले जात. या शेवटच्या नियमावर मोठ्यांनी थोडे थांबावे, अशीच मुलांची इच्छा असते. तो नियम आज का नाही, याचे उत्तर देणे मात्र कोणत्याही पक्षाच्या पालकाला सोपे जात नाही.

एक प्रसंग असा आहे की तेथे हकीकती उपयोगी पडत नाहीत. उत्तर चेन्नईतील राधाकृष्णन नगर मतदारसंघातील १२ एप्रिल २०१७ ची पोटनिवडणूक मतदानास दोन-तीन दिवस उरले असताना आयोगाला रद्द करावी लागली. कारण मतदारांना पैसे वाटले जात असल्याचे उघडकीस आले होते. ती पुढे डिसेंबरात झाली. २०१९ मध्ये वेल्लूरच्या लोकसभा निवडणुकीची तीच गत झाली. अशी पाकिटे घरात येतात तेव्हा मुले झोपलेलीच असतात असे नव्हे. मतासाठी पैसे देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, हे त्यांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने सांगितलेले असते. आईने पाकीट घेतले, तर आता काय?

आईला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटत नाही, आणि 'सगळेच घेतात' म्हणूनही सुटत नाही. ज्या घरात महिनाअखेर उसनवारीवर जाते तेथे नकार देण्याची किंमत काय, हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. परंतु मुलाशी खरे बोलता येते. मत गुप्त असते; मग पैसे देणाऱ्याला ते मिळाले हे कळणार कसे? त्याला कळू शकत नाही, म्हणून तर पाकिटाबरोबर कित्येकदा देवाची शपथही मागितली जाते. कायद्याने बांधलेल्या पडद्याला शपथेने भोक पाडण्याचा तो प्रयत्न असतो. एवढे समजले की मूल पुढचा, अधिक अवघड प्रश्न विचारते: सरकारने २०११ नंतर विद्यार्थ्यांना दिलेला लॅपटॉप आणि हे पाकीट यांत फरक कोणता? लॅपटॉपचे वचन जाहीरनाम्यात छापलेले होते, त्याचा खर्च विधानसभेपुढे आला, आणि तो देताना तुझा बाप कोणाला मत देतो हे कोणी विचारले नाही. पाकीट अंधारात येते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये जाहीरनाम्यातील अशी वचने कायद्याने भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असे म्हटले, मात्र त्याच वेळी आयोगाला त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. म्हणजे न्यायाधीशांनाही हा फरक अगदी स्वच्छ दिसला नाही. मुलाला हेही सांगावे. मोठ्यांचे अजून ठरलेले नाही, हे ऐकून मुले घाबरत नाहीत.

घाबरतात ती बहुधा मोठी माणसेच. २०११ मध्ये तमिळनाडूत सत्तांतर झाले आणि समान शालेय अभ्यासक्रमाची नवी पाठ्यपुस्तके अडकून पडली. शाळा सुरू झाल्या तरी मुलांच्या हाती पुस्तके नव्हती. ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर ती आली, पण मागील मुख्यमंत्र्यांशी संबंधित काही मजकूर चिकटपट्ट्यांनी झाकलेला होता. झाकलेले पान हे वर्गातील सर्वांत जास्त वाचले जाणारे पान असते, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. पुढल्याच वर्षी एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांतील व्यंगचित्रांवरून वाद पेटला. प्रथम डॉ. आंबेडकरांसंबंधीचे शंकर यांचे १९४९ मधील चित्र, आणि पाठोपाठ हिंदीविरोधी आंदोलनावरील आर. के. लक्ष्मण यांचे चित्र, ज्याने तमिळनाडूत संताप उसळला. पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयात मोडतोड झाली. दुखावलेल्यांचे दुःख खोटे नव्हते. ज्या समाजाला शतकानुशतके हिणवले गेले, त्याला चाबकाचे चित्र निव्वळ विनोद वाटत नाही. परंतु सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना हे चित्र का खुपते, असा प्रश्न वर्गात विचारता आला असता. तो विचारण्याआधीच चित्र गेले.

याच्या उलट टोकाला मुलांना निवडणुकीत ओढणे आहे. झेंडे देऊन मिरवणुकीत चालविणे, कडेवर घेऊन घोषणा म्हणावयास लावणे, हे सर्वत्र चालत आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यास मनाई करणारा निर्णय दिला आणि त्याचा हवाला देऊन निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्व पक्षांना पुन्हा बजावले. त्याच आठवड्यात हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत एका आमदारांनी मुलांना सांगितले, आईवडिलांनी मला मत दिले नाही तर दोन दिवस जेवू नका. मध्यान्ह भोजनाच्या थाळीवरून मुलांना राजकारण शिकविण्याचा हा अर्थ खचितच नव्हे.

मतदानाच्या दिवशी मूल कोठे असते? मतदान केंद्रात कोणाला प्रवेश द्यावा याच्या १९६१ च्या नियमांत, अधिकारी, उमेदवार व त्यांचे प्रतिनिधी यांच्याबरोबर, मतदाराच्या कडेवरील मुलाचाही उल्लेख आहे. जरा मोठे झाले की ते बाहेर थांबते. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ७३ टक्के मतदान झाले, चेन्नई जिल्ह्यात सुमारे ५९ टक्के; आणि २०२२ च्या महापालिका निवडणुकीत तर ४३-४४ टक्केच. तेव्हा शहरातील कितीतरी मुलांनी तो दिवस केवळ सुटी म्हणून पाहिला. ज्यांची आई रांगेत उभी राहिली त्यांनी म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली जांभळी शाई तिच्या बोटावर पाहिली, आपल्याही बोटावर लावून मागितली, आणि घरी येताना विचारले, कोणाला दिलेस?

सांगावे की सांगू नये याविषयी मतभेद आहेत. सांगितले तर त्याबरोबर कारण सांगावे, आणि मुलाचे मत वेगळे पडले तर ते ऐकून घ्यावे. सांगितले नाही तर 'तुला काय कळते' असे म्हणून नव्हे, तर मत गुप्त असते म्हणून, हे स्पष्ट करावे. दुसरे उत्तर मुलांना थोडे चिडविते, पण पाकिटाची गोष्ट आठवली की पटते.

एक-दोन दिवसांनी शाळा उघडते. केंद्रावर कामाला गेलेले शिक्षक झोपाळलेले असतात, बाके उलटसुलट लागलेली असतात, आणि वर्गाच्या दारावर मतदान केंद्राचा क्रमांक लिहिलेला कागद तसाच चिकटलेला असतो. तो काढावा असे कोणी सांगत नाही, आणि बहुधा पावसाळ्यापर्यंत तो तेथेच राहतो.