भूमितीच्या बागेतील गुलाब



गणित आणि फुले यांचा संबंध पुष्कळांना विचित्र वाटेल. परंतु इटलीतील पिसा येथे गणिताचे अध्यापन करणाऱ्या ग्वीदो ग्रांदी (१६७१–१७४२) या ख्रिस्ती साधूला फुलांच्या आकाराच्या वक्ररेषांनी वेड लावले होते. १७२३ मध्ये त्याने त्यांविषयीचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला आणि १७२८ मध्ये या भूमितीय फुलांवर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. ग्रीक भाषेतील गुलाबवाचक शब्दावरून त्याने या वक्रांना ‘ऱ्होडोनिया’ असे नाव दिले. आपण त्यांना गुलाबवक्र म्हणू.

या गुलाबांच्या पाकळ्या मोजण्याचा नियम लहानसा आहे. सूत्रातील गुणक विषम असेल तर त्या संख्येइतक्या पाकळ्या. सम असेल तर तिच्या दुप्पट. तीनच्या तीन, पण दोनच्या चार! विद्यार्थी हा नियम पाठ करतात आणि परीक्षेपुरता तो उपयोगीही पडतो. परंतु सम संख्येवरच ही कृपा का, असे विचारले की बहुधा स्तब्धता पसरते. त्या प्रश्नाचे उत्तर आज पाहावयाचे आहे.

एखाद्या बिंदूचा ठावठिकाणा दोन रीतींनी सांगता येतो. ‘पूर्वेस चार पावले, मग उत्तरेस तीन पावले’ ही एक रीत. ठिपक्यांची रांगोळी हिच्याच आधाराने उभी राहते. दुसऱ्या रीतीत मध्यावर उभे राहावयाचे, तोंड ठरावीक कोनात वळवावयाचे आणि त्याच दिशेने सरळ पाच पावले जावयाचे. या रीतीत एक कोन आणि एक अंतर एवढ्यावर काम भागते. यांनाच ध्रुवीय सहनिर्देशक म्हणतात, आणि मध्यबिंदूला ध्रुव. अंतर न बदलता कोन बदलत गेला की वर्तुळ होते; तेलघाण्याचा बैल तेच काढीत असतो. गुलाबासाठी मात्र कोनाबरोबर अंतरानेही कमी-अधिक व्हावे लागते.

हे काम कोज्या, म्हणजे शाळेतील कोसाइन, करते. कोन शून्य असता तिची किंमत १, साठ अंशांना अर्धी, नव्वदला शून्य, एकशेऐंशीला उणे १ आणि तीनशेसाठला पुन्हा १. आता सूत्र असे घ्या: अंतर = १० × कोज्या (२ × कोन). कोन ० असता अंतर १० सेंटिमीटर; १५ अंशांना सुमारे ८.७, ३० अंशांना ५, ४५ अंशांना शून्य. एवढ्यात उजवीकडील पाकळीची वरची कड पुरी झाली. पुढे ६० अंशांना उत्तर येते उणे ५, आणि ९० अंशांना उणे १०. येथे विद्यार्थी थबकतो. अंतर उणे कसे असेल?

यासाठी एक काडी डोळ्यांपुढे आणावी. ती मधोमध टाचणीने कागदावर खिळली असून टाचणीच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा सेंटिमीटर आहे. तिचे एक टोक तांबडे रंगविले आहे. कोन मोजावयाचा तो या टोकाचा. काडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरते, आणि तिच्यावर एक मुंगी तांबड्या टोकापासून निघून, टाचणी ओलांडून, दुसऱ्या टोकापर्यंत जाते व परत येते. मुंगी तांबड्या भागावर असता अंतर धन, बिनरंगी भागावर असता ऋण. ऋण अंतर म्हणजे इतकेच: तोंड एका दिशेला, चालणे पाठीमागे.

आता आपल्या सूत्रात ४५ ते १३५ अंशांपर्यंत तांबडे टोक वरच्या बाजूला असते, पण मुंगी बिनरंगी भागावर असल्याने पाकळी खाली उमलते. तिच्यामागून डावीकडील, मग वरची, आणि शेवटी उजव्या पाकळीची उरलेली कड. गंमत अशी की, काडी काट्यांच्या उलट फिरत असता पाकळ्या मात्र काट्यांच्या दिशेने येत जातात. संगणकाच्या पडद्यावर पुरे फूल क्षणात उमटते, म्हणून हा जन्मक्रम नजरेतून निसटतो. हाताने बिंदू मांडणाऱ्याला तो सापडतो.

मूळ प्रश्नाचे उत्तरही मुंगीपाशीच आहे. काडीच्या अर्ध्या फेऱ्यात मुंगी गुणकाइतक्या वेळा काडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. गुणक ३ असेल तर तीन खेपांनंतर ती बिनरंगी टोकावर असते. पण काडीही तोवर उलटलेली असते. दोन उलटी मिळून एक सुलट! मुंगी कागदावर निघाल्या ठिकाणीच येते आणि उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात त्याच तीन पाकळ्या पुन्हा गिरवते. गुणक २ असेल तर मुंगी तांबड्या टोकावर परतलेली असते, काडी मात्र उलटलेली. म्हणून ती कागदावर समोरच्या बाजूला पोहोचते. पुढील अर्धा फेरा कोऱ्या जागेवरून जातो आणि पाकळ्या दुप्पट होतात.

काही लेखक ऋण अंतर मानीतच नाहीत. त्यांच्या हिशेबाने दोनच्या गुलाबाला दोनच पाकळ्या राहतात. अर्थात् दुप्पट होणे हे ऋण चिन्हाला अर्थ दिल्याचे फळ आहे.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. चारच्या गुणकाने अष्टदल मिळते. पण कंपासपेटी हाती आली की प्रत्येक मूल जे सहा पाकळ्यांचे फूल काढते, ते कोणताही पूर्णांक घेऊन या सूत्रातून निघत नाही. सहासाठी गुणक तीन हवा, आणि तीन तर विषम! गुणक दीड घेतला तर सहा पाकळ्या येतात खऱ्या, परंतु त्या एकमेकींवर चढतात आणि काडीला पुरे दोन फेरे घ्यावे लागतात.

शेवटी क्षेत्रफळाविषयी. गुलाब ज्या वर्तुळात बसतो, त्याचा विषम गुणकाचा गुलाब बरोबर चौथा हिस्सा व्यापतो आणि सम गुणकाचा बरोबर अर्धा. पाकळ्या तीन असोत वा तेहेतीस, चार असोत वा चाळीस. त्या वाढल्या की बारीक होतात, पण एकूण वाटा तोच राहतो. आलेखाचा कागद, कोनमापक आणि पट्टी एवढे साहित्य घेऊन दोनचा व तीनचा असे दोन गुलाब श्रोत्यांनी अवश्य काढून पाहावेत. नियम मग पाठ करावा लागणार नाही.